वेबसाइटची तपासणी: शोधात न सापडणारी पाने

या सदरात वेबसाइट आणि संगणकाच्या वापराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली जातात. या वेळी निवडलेल्या तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे: आपली वेबसाइट शोधयंत्रात दिसत नाही, तर तिची तपासणी कशी करावी?

प्रश्न: स्थानिक इतिहासाला वाहिलेले एक त्रैमासिक आम्ही चालवतो आणि त्यातील २००९ पासूनचे बहुतेक लेख आमच्या वेबसाइटवर आहेत. गेल्या वर्षी ती वर्डप्रेस या वेबसाइट बांधण्याच्या प्रणालीवर नव्याने बांधून घेतली. तेव्हापासून लेखाचे पूर्ण शीर्षक गूगलमध्ये लिहिले तरी आमचा लेख दिसत नाही. उलट त्यातील मजकूर उचलणाऱ्या दुसऱ्याच वेबसाइट दिसतात. एका कंपनीने आम्ही न मागताच लांबलचक अहवाल पाठवून आम्हाला शंभरपैकी ३८ गुण दिले आहेत आणि शेकडो 'त्रुटी' दाखवल्या आहेत. यातील काय खरे मानावे आणि सुरुवात कोठून करावी? (एक संपादक, सातारा जिल्हा)

उत्तर: तो अहवाल तूर्त बाजूला ठेवावा. असे अहवाल एखादा प्रोग्रॅम काही मिनिटांत तयार करतो. एखाद्या चित्राला पर्यायी मजकूर नसणे आणि संपूर्ण वेबसाइटच शोधयंत्राला बंद असणे या दोन गोष्टी त्यात एकाच यादीत, जवळजवळ सारख्याच लाल रंगात येतात. ते गुण गूगल देत नाही आणि क्रम ठरवताना ते विचारातही घेत नाही. अनाहूत ई-मेल पाठवून सेवा देऊ करणाऱ्यांपासून सावध राहावे, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

खऱ्या तपासणीला एक क्रम असतो आणि माझ्या मते तो क्रम पाळणे हेच तिचे मर्म आहे. शोधयंत्र पानापर्यंत पोहोचू शकते का, पोहोचल्यावर ते पान त्याला वाचता येते का, वाचलेले पान त्याने आपल्या संग्रहात म्हणजे इंडेक्समध्ये घेतले आहे का, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. पान कितव्या क्रमांकावर आहे हा प्रश्न त्यानंतरचा. आपण पूर्ण शीर्षक लिहूनही लेख मिळत नाही, याचा अर्थ बहुधा तो इंडेक्समध्येच नाही. अशा वेळी शीर्षकातले शब्द बदलणे किंवा लेख अधिक 'आकर्षक' करणे यात घातलेला सगळा वेळ वाया जातो.

पहिले काम म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील 'रीडिंग' हे पान उघडून पाहावे. वेबसाइट शोधयंत्रांच्या नजरेआड ठेवण्याची एक चौकट तेथे असते. नवी वेबसाइट बांधणारे काम चालू असताना तिच्यावर खूण करतात, ते योग्यही आहे, परंतु काम संपल्यावर ती खूण काढायची राहून जाते. वर्डप्रेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत या खुणेमुळे प्रत्येक पानावर 'नोइंडेक्स', म्हणजे हे पान संग्रहात घेऊ नये, ही सूचना उमटते आणि शोधयंत्र ती निमूटपणे पाळते.

त्यानंतर रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल पाहावी. शोधयंत्रांनी कोठे जाऊ नये हे सांगणारी ही पद्धत १९९४ पासून रूढ आहे आणि २०२२ मध्ये तिला अधिकृत मानकाचे रूप मिळाले. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. ही फाइल शोधयंत्राला पान वाचण्यापासून रोखते, इंडेक्समधून ते काढत नाही. एखादे पान काढून टाकायचे म्हणून त्यावर 'नोइंडेक्स' लिहिले आणि त्याच वेळी या फाइलीत त्याला बंदीही घातली, तर शोधयंत्राला ती सूचना वाचताच येत नाही आणि पानाचा पत्ता शोधात रेंगाळत राहतो.

यापुढची तपासणी गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य साधनाशिवाय करू नये. वेबसाइट आपल्या मालकीची आहे हे डोमेनच्या म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या नोंदीतून सिद्ध केले की ते वापरता येते. त्यातील 'पेज इंडेक्सिंग' या अहवालात किती पाने संग्रहात आहेत, किती नाहीत आणि का नाहीत, हे कारणांसह दिलेले असते. शोधयंत्राने पान पाहिले पण ठेवले नाही, पत्ता कळला पण तेथे गेलेच नाही, पान सापडले नाही, दुसऱ्या पानाची प्रत वाटली, अशी ती कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. शिवाय एखाद्या लेखाचा पत्ता वरच्या चौकटीत टाकल्यास त्या एका पानाची सद्यःस्थितीही कळते. आपले दहा महत्त्वाचे लेख निवडून असे एकेक तपासले, तर त्या लांबलचक अहवालापेक्षा पुष्कळ अधिक हाती लागेल.

आपल्या बाबतीत माझा सर्वाधिक संशय जुन्या पत्त्यांवर आहे. वेबसाइट नव्याने बांधताना लेखांचे पत्ते बदलतात. इतर अभ्यासकांनी इतक्या वर्षांत आपल्या लेखांना दिलेले सगळे दुवे जुन्या पत्त्यांकडे बोट दाखवत असतात आणि ते पत्ते उघडेनासे झाले की त्या दुव्यांतून मिळालेली पतही नाहीशी होते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळण द्यावे लागते. जाणकार त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. सर्व जुने पत्ते एकजात मुखपृष्ठाकडे वळवण्याची सोपी वाट काही जण घेतात, ती घेऊ नये. एका लेखाच्या जागी असंबद्ध मुखपृष्ठ आले, तर मूळ लेख नाहीसाच झाला असे शोधयंत्र धरू शकते. जुन्या पत्त्यांची यादी हाताशी नसल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपल्या वेबसाइटची जुनी रूपे पाहून ती पुन्हा तयार करता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण वर्षानुवर्षे जमवलेल्या स्थानिक इतिहासासाठी ते करावेच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वळणे किमान एक वर्ष आणि शक्य असेल तर कायमची ठेवावीत.

एवढे झाल्यावर नव्या पत्त्यांचा साइटमॅप, म्हणजे वेबसाइटवरील पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, सर्च कन्सोलमध्ये द्यावा. एका साइटमॅप फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे आपल्याला एकच फाइल पुरेल. मजकूर उचलणाऱ्यांविरुद्ध गूगलकडे स्वामित्वहक्काची तक्रार करता येते. मात्र आपली मूळ पाने आधी इंडेक्समध्ये आलेली असावीत, म्हणजे तक्रारीत मूळ म्हणून दाखवायचा पत्ताही ठाम राहतो.

प्रश्न: आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वेबसाइटवर दुर्मिळ पुस्तकांची सूची आणि वार्षिक अहवाल आहेत. ग्रंथालयाचे नाव इंग्रजीत लिहिले की वेबसाइट सापडते, परंतु सूचीतील एखाद्या पुस्तकाचे नाव मराठीत लिहिले तर कधीच नाही. पडद्यावर सर्व मजकूर व्यवस्थित वाचता येतो. मग अडचण कशात आहे? (ग्रंथालयाचे कार्यवाह, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: एक छोटी चाचणी करावी. वेबसाइटवरील किंवा पीडीएफमधील सूचीची एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसला, तर आपली अडचण तेथेच आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, रुळण्यापूर्वी, आणि अनेक छापखान्यांत आजही, मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप होतो त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाकडे नोंद असते ती एखाद्या रोमन अक्षराची किंवा चिन्हाची. शोधयंत्र आकार पाहत नाही, ही नोंद वाचते. त्यामुळे आपली संपूर्ण सूची त्याच्या लेखी मराठीत नाहीच.

मराठी संस्थांच्या वेबसाइट तपासताना मी सर्वांत आधी हीच गोष्ट पाहतो, आणि इंग्रजी वेबसाइटसाठी रचलेल्या तपासणी-याद्यांत ती सहसा नसते, याचे मला वाईट वाटते. कित्येक ग्रंथालयांचे आणि संशोधन मंडळांचे मोलाचे काम केवळ या कारणाने शोधाबाहेर राहिले आहे.

उपाय आहे, पण तो एका बटणाचा नाही. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. मूळ फाइल कोणत्या फाँटमध्ये आहे हे ठाऊक असेल तर ते बरेच काम करतात. मात्र जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार यांत चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधन करावेच लागते. मूळ फाइल हरवली असून केवळ छापील प्रत उरली असेल, तर स्कॅन करून अक्षरओळख करून घ्यावी. 'टेसरॅक्ट' हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम मराठी ओळखतो. तयार झालेली सूची पुन्हा पीडीएफमध्ये कोंडू नये. शोधयंत्र पीडीएफ वाचते हे खरे, परंतु पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना देवनागरीतील इकार जागा सोडतात आणि जोडाक्षरे तुटतात, असा अनुभव वारंवार येतो. सूची साध्या वेबपानांवर, विषयवार विभागून ठेवावी आणि पीडीएफ हवी त्याला उतरवून घेण्यासाठी सोबत द्यावी. दुर्मिळ पुस्तकांपासून सुरुवात करावी, कारण ती दुसरीकडे कोठे नसण्याची शक्यता अधिक आणि शोधणाऱ्याला त्यांचीच गरज मोठी.

युनिकोड झाल्यानंतरही काही बारकावे उरतात. 'ॲ' हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते, तसेच 'अ'ला वेगळी अर्धचंद्राची खूण जोडूनही लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षररचना आहे. 'ऱ्य'मधील अर्ध्या रकाराचेही तसेच आहे. गूगल असे भेद सांभाळून घेईल की नाही यावर विसंबून राहू नये आणि निदान वेबसाइटच्या स्वतःच्या शोधपेटीसाठी तरी सर्वत्र एकच पद्धत ठेवावी. पुस्तकांची, गावांची, व्यक्तींची नावे शीर्षकात किंवा उपशीर्षकात एकदा तरी प्रत्यय न लावता यावीत, कारण शोधणारा 'सातारा' लिहितो आणि आपल्या मजकुरात सर्वत्र 'साताऱ्याचा', 'साताऱ्यात' असेच असते.

पत्त्यांविषयीही सावध करतो. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून देवनागरी पत्ता तयार करते. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, परंतु साठवताना प्रत्येक अक्षराची आणि मात्रेची नऊ चिन्हे होतात आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची आहे. म्हणजे मात्रा धरून साधारण बावीस अक्षरांनंतर पत्ता मध्येच तुटतो. म्हणून पान प्रसिद्ध करण्यापूर्वीच पत्ता हाताने लहान करावा. प्रसिद्ध झालेले पत्ते मात्र केवळ सुबकतेसाठी बदलू नयेत.

प्रश्न: दापोलीजवळ आमचे छोटे होमस्टे आहे. वेगाच्या चाचणीत आमच्या वेबसाइटचा मोबाइलवरचा निकाल लाल येतो. एक जण तीस दिवसांत गूगलवर पहिला क्रमांक आणि एक हजार बॅकलिंक (इतर वेबसाइटवरून आमच्याकडे येणारे दुवे) देण्याची हमी देत आहे. त्याला काम द्यावे का, आणि नाही तर आम्ही स्वतः काय करावे? (एक होमस्टे चालक)

उत्तर: काम देऊ नये. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. क्रम वाढवण्यासाठी विकत घेतलेले दुवे त्याच्या धोरणाच्या विरुद्ध आहेत. अशा कृत्रिम दुव्यांवर गूगलने २०१२ मध्ये क्रम ठरवण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून कठोर नजर आहे. हजार अनोळखी दुव्यांपेक्षा तालुक्यातील एखाद्या पर्यटन संस्थेच्या पानावर आपले नाव असणे कितीतरी चांगले.

वेगाचे महत्त्व आहे, पण लोक समजतात तेवढे नाही. गूगल तीन गोष्टी मोजते: पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर वाचताना पान खाली-वर सरकू नये. चाचणीच्या पानावर वर दिसणारे आकडे खऱ्या अभ्यागतांच्या अनुभवाचे असतात आणि खालचा शंभरपैकीचा गुण हा एका कृत्रिम चाचणीचा असतो. लक्ष वरच्या आकड्यांकडे द्यावे. कमी वर्दळीच्या वेबसाइटला वरचे आकडे मिळतही नाहीत. होमस्टेच्या वेबसाइटवर दोष बहुधा कॅमेऱ्यातून जशीच्या तशी चढवलेल्या छायाचित्रांचा असतो. ती लहान करून घेतली तरी बराच फरक पडतो.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचे आहे ते गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर आणि शोधात दिसणारी व्यवसायाची नोंद, कारण 'जवळचे होमस्टे' असे शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो. तेथील नाव, दूरध्वनी आणि पत्ता वेबसाइटशी तंतोतंत जुळावा. खोल्यांचे दर, जेवणाची सोय आणि समुद्रकिनाऱ्याचे अंतर यांची माहिती केवळ चित्रावरच्या अक्षरांत असेल, तर ती मजकूर म्हणून लिहून काढावी. मोबाइलवर ती लपलेली नसावी, कारण गूगल आता वेबसाइटचे मोबाइलवरचे रूपच मुख्य मानते. 'मेटा कीवर्ड्स'मध्ये, म्हणजे पानाच्या संकेतात वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या यादीत, शब्द भरत बसू नये. गूगल ते क्रमासाठी वापरत नाही, हे त्याने २००९ मध्येच जाहीर केले आहे. पाहुणे नेमके कोणते शब्द लिहून येतात, ते रोमन लिपीत लिहितात की देवनागरीत, हे सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात दिसते.

परिणाम दिसायला वेळ लागतो. गूगलचाच अंदाज सहसा चार महिने ते एक वर्ष असा आहे. कोणत्या तारखेला काय बदलले याची नोंद ठेवावी आणि एका वेळी फार बदल करू नयेत, म्हणजे कशाचा परिणाम झाला ते कळते. तुलना करताना मे महिन्याशी जुलै ताडून पाहू नये, कारण पावसाळ्यात शोधणारेच कमी होतात. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवते, तेव्हा या मे महिन्याची गेल्या मे महिन्याशी तुलना तेथेच करता येईल, आणि त्यासाठी ते आजच जोडून ठेवावे.