उंचीची भीती, पन्हाळ्याचा तट आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प

प्रश्न : मी कोल्हापुरात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. माझे मामा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही उभे राहू शकत नाहीत. त्यांच्यासारख्यांसाठी व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवर पन्हाळ्याच्या तटाचा अनुभव देणारे साधन मी युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहे. तीन मैत्रिणींना दाखवले, तिघीही ‘भारी झालंय’ म्हणाल्या. आता मामांवर चाचणी घ्यावी का? पुढे यात करिअर आहे का, असे आई विचारते.

उत्तर : तुमच्या पत्रातील कल्पना मला मनापासून आवडली, म्हणूनच आधी नकार कळवतो. मामांवर चाचणी घेऊ नका. भाचीने हौसेने केलेल्या कामाला कोणताही मामा ‘नको’ म्हणत नाही, आणि ज्याला मध्येच थांबवणे जड जाते अशा माणसाची संमती खरी संमती नसते. शिवाय छातीत धडधड वाढल्यावर पुढे काय करायचे, याचे शिक्षण तुम्ही घेतलेले नाही.

तुमच्या कल्पनेला भक्कम आधार आहे. भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे नेण्याची पद्धत जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये मांडली. बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये उंचीची भीती असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हीच पद्धत आभासी दृश्यांतून वापरली. ऑक्सफर्डमधील डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने 2018 मध्ये 100 प्रौढांच्या चाचणीत दाखवले की समुपदेशकाची भूमिका दृश्यातील आभासी पात्राने केली तरी भीती लक्षणीय कमी होते. मात्र त्या प्रयोगांमागे मानसशास्त्रज्ञ होते, हे विसरू नका.

आता रचनेकडे वळू. भीती शिखराला पोहोचली असताना माणूस पळाला, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ असा धडा मन घेते आणि भीती अधिक पक्की होते. तो तिथेच थोडा वेळ टिकला, तर ती बहुधा आपोआप उतरू लागते आणि न उतरली तरी काही वाईट घडले नाही हे मनाला उमगते. त्यामुळे ‘बंद करा’ हे बटण कायम हाताशी असलेच पाहिजे, पण त्याच्या शेजारी ‘एक पाऊल मागे’ हेही हवे, म्हणजे घाबरलेल्या माणसाला दृश्य सोडून न जाता तटापासून दहा पावलांवर येता येईल. प्रत्येक टप्प्यावर शून्य ते शंभर या मापात अस्वस्थता विचारावी आणि पुढची पायरी कधी घ्यायची, हे त्याच्याच हातात ठेवावे. पन्हाळ्यावर 360 अंशांचे चित्रीकरण करून ते वापरण्याचा विचार असेल, तर तो सोडा. अशा चित्रीकरणात मान वळवता येते, पण कठड्यावरून वाकून खाली डोकावता येत नाही, आणि उंचीची भीती तर नेमकी त्या डोकावण्यात असते.

चाचणीचा पहिला टप्पा भीती नसलेल्या पाच-सहा जणांवर घ्या. तिथे फक्त साधन वापरता येते का, एवढेच पाहायचे आहे. या कामातली खरी अडचण मात्र वेगळी आहे. हेडसेटमुळे होणारा त्रास आणि उंचीची भीती या दोन्हींत घाम येतो, डोके गरगरते, आणि आपल्याकडचा माणूस दोन्हींना ‘कसंतरी होतंय’ एवढेच म्हणतो. हेडसेटच्या त्रासासाठी 1993 पासून सोळा लक्षणांची ‘सिम्युलेटर सिकनेस’ प्रश्नावली वापरली जाते. ती सत्राच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्यावी, पण तिचे मराठी करताना शब्दकोशावर विसंबू नका. ‘मळमळतंय’ आणि ‘पोटात गोळा आला’ यांत आपल्या माणसाला फरक कळतो, तोच प्रश्नांत उतरायला हवा. मळमळ जास्त निघाली, तर दोष तुमच्या दृश्याचा आहे: बहुधा पाय स्थिर असताना दृश्य आपोआप पुढे सरकत असेल किंवा चित्र अडखळत असेल.

खरोखर भीती असलेल्या व्यक्तींचा टप्पा त्यानंतरचा, आणि तो तुम्ही एकटीने करायचा नाही. त्यासाठी नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि सोप्या मराठीतले संमतिपत्र लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) माणसांवरील संशोधनाच्या नैतिकतेविषयीची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी वाचून ठेवावीत. अपस्मार किंवा चक्करचा विकार असलेल्यांना आधीच वगळावे. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पाण्याला घाबरणारी माणसे आपल्या परिसरात आहेत, आणि पुढे त्यांच्यासाठी काही करावे असे तुम्हाला वाटेल. तो विषय या प्रकल्पात घेऊ नका. तो भोगलेला आघात आहे. गॅलरीच्या भीतीचे गणित त्याला लागू पडत नाही.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. केवळ भयगंडाची व्हीआर साधने बनवणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्या कोल्हापुरात मिळतील, असे मी म्हणणार नाही. परंतु वापरकर्त्याचे निरीक्षण करून रचना सुधारण्याचे कौशल्य बँकेच्या ॲपपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतील सुरक्षा प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे लागते. पदवी पूर्ण करा, शेवटच्या वर्षी सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्या; तिच्या गुणांवर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या संस्थांत एम.डेस. या डिझाइनमधील पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो. प्रवेशासाठी दाखवायच्या कामांच्या संग्रहात सुंदर दृश्यांपेक्षा चुकलेल्या चाचण्यांच्या नोंदी ठेवा.

या आठवड्यात त्याच तीन मैत्रिणींना पुन्हा बोलवा. या वेळी ‘कसं वाटलं’ असे विचारू नका आणि मध्ये काही सांगूही नका. कोणत्या दृश्यात त्या थबकल्या आणि हेडसेट काढण्यासाठी हात कितव्या मिनिटाला वर गेला, ते घड्याळ लावून लिहून ठेवा.