माशांची 'जाती' की 'प्रजाती'?

उष्णकटिबंधातील गोड्या पाण्याच्या माशांवरील एका शास्त्रीय लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, 'स्पीशीज' (आपसांत प्रजनन करणाऱ्या एकाच प्रकारच्या जिवांचा गट) या संज्ञेसाठी 'जाती' लिहावे की 'प्रजाती'. कारण जुन्या ग्रंथांत पहिला शब्द दिसतो आणि वर्तमानपत्रांत दुसरा. माझ्या मते 'स्पीशीज'साठी 'जाती' आणि 'जीनस'साठी, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटासाठी, 'वंश' लिहावे, आणि 'प्रजाती' हा शब्द अशा लेखनात मुळीच वापरू नये.

मराठी शास्त्रीय परिभाषेत संघ, वर्ग, गण, कुल, वंश आणि जाती अशी उतरंड रुळलेली आहे. तिच्यातील 'वंश' या पायरीलाच अनेक लेखकांनी 'प्रजाती' म्हटले असून, मराठी विश्वकोशातही 'या प्रजातीत इतक्या जाती आहेत' अशी वाक्ये आढळतात. हिंदीत मात्र 'प्रजाति' हा शब्द सर्रास 'स्पीशीज'साठी चालतो, आणि तोच अर्थ आता मराठी बातम्यांत रूढ झाला आहे. 'जाती' या शब्दाला चिकटलेल्या सामाजिक अर्थामुळे अनेकांना तो टाळावासा वाटतो, हेही त्यामागचे एक कारण असावे. तो संकोच मला समजतो, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे.

'आफ्रिकेतील मलावी सरोवरात सिक्लिड कुलातील माशांच्या शेकडो प्रजाती आहेत' हे वाक्य घ्या. आजचा वाचक त्याचा अर्थ बरोबर लावील. परंतु जुन्या परिभाषेत वाढलेला वाचक तेथे शेकडो वंश आहेत असे समजेल, आणि ते खरे नाही. उलट, 'टेरोफायलम या प्रजातीत तीन जाती आहेत' हे एंजलफिश माशांविषयीचे जुन्या धाटणीचे वाक्य वाचून आजच्या वाचकाला एंजलफिश हा एकच मासा असून त्याचे तीन वाण आहेत असे वाटेल. वास्तविक स्केलेअर, आल्टम आणि लिओपोल्डाय या त्या वंशातील तीन स्वतंत्र जाती आहेत. ज्या शाखेत एकाच सरोवरातील अगदी जवळच्या नातलग माशांना एकमेकांपासून वेगळे ओळखणे हेच मुख्य काम असते, तेथे ही चूक किरकोळ म्हणता येत नाही.

अडचण सर्वांत ठळक होते ती नामांतराच्या प्रसंगी. प्रयोगशाळांत आज सर्वत्र पाळला जाणारा झेब्राफिश निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये सिप्रिनस वंशात वर्णिला. पुढे तो ब्रॅकिडॅनिओ वंशात गणला जाऊ लागला आणि आता त्याचे नाव डॅनिओ रेरिओ असे आहे; यातले पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे. वंश बदलत गेला, पण 'रेरिओ' हे जातिनाम टिकून राहिले. हीच गोष्ट 'वंश' आणि 'जाती' या दोन्हींच्या जागी 'प्रजाती' वापरून लिहून पाहावी: 'ही प्रजाती एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवण्यात आली.' याचा काहीच बोध होत नाही.

व्युत्पत्तीकडे वळून निवाडा मिळेल असेही नाही. तैत्तिरीय उपनिषदात 'प्रजाति' शब्द येतो, पण तेथे त्याचा संबंध प्रजोत्पादनाशी आहे, वर्गीकरणाशी नाही. 'प्र' या उपसर्गावरूनही पायरी वरची की खालची ते ठरत नाही. 'प्रपितामह' वरच्या पिढीतला असतो आणि 'प्रपौत्र' खालच्या.

'जाती'विरुद्धचा एक आक्षेप मात्र विचारात घ्यायला हवा. 'जात' या शब्दाचे अनेकवचनही 'जाती'च होते, त्यामुळे 'ही जाती' हे एकवचन कानाला खटकते. यावर उपाय असा की वचन विशेषणाने आणि विभक्तीने स्पष्ट करावे: एक नवी जाती, दोन नव्या जाती, जातीचे वर्णन, जातींचे वर्णन. तसेच माणसाने पैदाशीतून घडवलेल्या रूपांना 'जाती' म्हणू नये. लांब शेपटीचे, रंगीबेरंगी, पंख्यासारख्या पराचे असे सगळे गप्पी मासे पोसिलिया रेटिक्युलाटा या एकाच जातीचे असतात. त्यांना 'प्रकार' किंवा 'वाण' म्हणावे. सुटा शब्द 'जाती' असा दीर्घ लिहिला, तरी समासाच्या पूर्वपदात तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून 'जातिनाम' आणि 'जातिवैविध्य' असे लिहावे.