नकळत की जाणूनबुजून? रोमन विचार वाचताना

प्रिय,

कृत्याचा दोष माणसाचा की नियतीचा, याबद्दल रोमन लोक काय म्हणत, यावरचं तुझं टिपण वाचलं. मेहनत घेतली आहेस, पण सुरुवातच नियतीपासून केल्यामुळे पुढची सगळी मांडणी अडकली आहे. 'रोमन लोक सगळं देवांवर सोपवायचे' हे पहिलं वाक्य काढून टाक. आधी कायदा आणि कर्मकांड बघ, तत्त्वज्ञान मागून घे.

इ.स.पू. 451-450 च्या बारा फलकांच्या कायद्यात एक कलम आहे. हत्यार फेकलं नाही, हातून निसटलं आणि माणूस मेला, तर त्याच्या बदल्यात मेंढा द्यायचा. कृत्य तेच, पण हेतू नाही, म्हणून परिणाम निराळा. व्हारो या रोमन विद्वानाने दिलेलं उदाहरण तर याहून नेमकं आहे. पंचांगातल्या काही निषिद्ध दिवशी प्रेटरने, म्हणजे न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्याने, 'दो, दिको, आदिको' हे न्यायासनावरचे तीन शब्द उच्चारायचे नाहीत, असा नियम होता. चुकून उच्चारले तर बळी देऊन प्रायश्चित्त घेता येई. जाणूनबुजून उच्चारले तर क्विंटस म्युसियस या कायदेपंडिताच्या मते प्रायश्चित्तच नाही, तो माणूस पापी तो पापीच. आणि त्या दिवशी प्रेटरने चुकून एखाद्या गुलामाला मुक्त केलं असेल तर? विधीत दोष राहिला तरी गुलाम मुक्तच राही. म्हणजे कृतीची वैधता आणि करणाऱ्याचा दोष या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. 'रोमन धर्मात विधी अचूक झाला की पुरे, मनाचं काय ते कोण विचारतो' असं सर्रास लिहिलं जातं. ते इथे टिकत नाही.

आता रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याचं 'दे फातो' (नियतीविषयी) हे पुस्तक घे. इ.स.पू. 44 मधलं, सीझरच्या खुनानंतरचं. सुरुवातीचा आणि मधला भाग गहाळ आहे, त्यामुळे कोणतं मत कोणाचं याची समासात नोंद करत वाच. त्यात ज्याच्याशी वाद आहे तो क्रिसिपस म्हणजे, सगळं कारणांच्या साखळीने ठरलेलं असतं असं मानणाऱ्या स्टोइक पंथाचा ग्रीक तत्त्वज्ञ; त्याची मूळ पुस्तकं उरलेली नाहीत. त्याचं म्हणणं आपल्याला बरंचसं त्याच्या विरोधकांच्या तोंडूनच कळतं.

तुझ्या टिपणात मोठा घोटाळा इथेच झाला आहे. क्रिसिपसची उत्तरं दोन आहेत आणि तू ती एकत्र केली आहेस. पहिलं उत्तर आळशी युक्तिवादाला: 'बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय.' क्रिसिपस म्हणतो, बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्य बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं आहे. मिलो ऑलिंपियात कुस्ती खेळणार हे ठरलं, तर समोर प्रतिस्पर्धी हवाच. यातून प्रयत्न वाया जात नाही एवढंच सिद्ध होतं. दोष कोणाचा, हे यातून ठरत नाही.

त्यासाठी दुसरं उत्तर, दंडगोलाचं. दंडगोल ढकलला की घरंगळतो. ढकलणं बाहेरचं, घरंगळणं त्याच्या गोल आकारामुळे. शंकू ढकलला तर तो जागच्या जागी गोल फिरतो. तसं, समोर आलेला मोह हा धक्का, पण त्याला होकार देणं हे मनाच्या घडणीतून येतं, म्हणून कृत्य माझं. अर्थात, तो आकार तरी कोणी दिला? ही शंका खरी आहे, आणि मला हा युक्तिवाद तिथेच सर्वांत कच्चा वाटतो. ऑलस गेलियस या रोमन लेखकाच्या 'नोक्टेस अ‍ॅटिके' या ग्रंथाच्या सातव्या भागातलं दुसरं प्रकरण याच्याबरोबर वाच. तिथेही दगडाचा दंडगोलच आहे, पण मूळचा स्वभाव चांगला किंवा वाईट असण्याचा मुद्दा जास्त उघडपणे येतो.

कार्नियाडीज या स्टोइकांच्या विरोधक ग्रीक तत्त्वज्ञाला स्वतंत्र परिच्छेद दे. मनाची ऐच्छिक हालचाल विनाकारण नसते, पण तिचं कारण तिच्याच स्वभावात असतं, बाहेरच्या साखळीत नाही, असं तो म्हणतो. मग इच्छास्वातंत्र्य वाचवायला अणू अधूनमधून विनाकारण वाकडे वळतात असं मानायची गरजच उरत नाही, म्हणून ते मत मांडणाऱ्या लुक्रेशियस या रोमन कवीवर दोन ओळी पुरेत.

आणि 'प्रारब्ध' हा शब्द तीन ठिकाणी आला आहे, तो काढ. स्टोइकांची साखळी कारणांची आहे, मागल्या जन्मीच्या पापपुण्याचा हिशेब तिच्यात नाही.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा प्रत्येक युक्तिवादापुढे तो कोणत्या आक्षेपाला उत्तर देतो, ते एका ओळीत लिही.