हाडं खाणारा, पण कीटक नव्हे

गुहागरच्या एका शिक्षकांनी विचारलंय : 'समुद्राच्या तळाशी हाडं खाणाऱ्या कीटकाची प्रजाती' असं बातमीत वाचलं, तिथे 'प्रजाती' हवं की 'जाती'?

आधी तो 'कीटक' खोडा. कीटकाला सहा पाय असतात. हा गांडुळाच्या गोतातला, वलयी संघातला प्राणी, म्हणजे कृमी. त्याच्या गटाचं नाव पॉलिकीट, आणि त्यातला 'कीट' म्हणजे किडाच, असं ठासून सांगणारे मला अजून भेटतात. अहो, तो ग्रीक 'खाइते', म्हणजे लांब केस! या गटातल्या बहुतेकांच्या अंगावर राठ केस असतात, म्हणून.

प्रजाती-जातीचं उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे : कुल, मग प्रजाती (जीनस), मग जाती (स्पीशीज). 'जात' शब्दाला बिचकून सगळीकडे 'प्रजाती' लिहिलं, तर वरच्या पायरीला काय म्हणणार? हा कृमी २००२ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात सुमारे २,८९० मीटर खोल, मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर सापडला. २००४ मध्ये बारसं झालं तेव्हा प्रजाती नवी होती आणि तिच्यातल्या दोन जातीही नव्या. एकीचं नाव रुबिप्लूमस, लाल पिसाऱ्याची.

पण खरी गंमत प्रजातीच्या नावात आहे. ओसेडॅक्स! लॅटिन 'ओस' म्हणजे हाड, 'एडाक्स' म्हणजे खादाड. 'ओस' हे आपल्या 'अस्थि'चं सख्खं भावंड, आणि 'एडाक्स'मधला धातू तोच आपला 'अद्', ज्यातून 'अन्न' आलं. म्हणजे रोज ताटाला हात जोडताना आपण जो शब्द उच्चारतो, त्याचा नातलग जवळजवळ दोन मैल पाण्याखाली आहे. मांस खाणारा तो 'क्रव्याद', तसा हा 'अस्थ्यद'. मी हेच नाव वापरतो. त्याचं इंग्रजी टोपणनाव 'झॉम्बी वर्म' लिहिणाऱ्यांना तीन अक्षरांचाही कंटाळा का यावा, कळत नाही.

आमचे एक कोशप्रेमी स्नेही म्हणतात, 'अस्थ्यद' चुकीचं, कारण या कृमीला तोंडच नाही, आतडंही नाही. वस्तुस्थिती खरी आहे. मादी हाडात मुळं रुजवते, त्यातून आम्ल पाझरतं, हाड विरघळतं, आणि मुळांतले जिवाणू त्यातून तिला पोसतात. नर तर बहुतेक जातींत इतके बारीक, की तिच्या अंगाभोवतीच्या नळीतच राहतात. पण म्हणून 'खाणं' नाही? स्नेही पुण्यात राहतात. त्यांनी रत्नागिरीजवळ मिऱ्याला आमच्या घरी यावं. समुद्राकडच्या खिडकीचे गज खालून बोटाएवढे उरलेत, वरचा पत्रा चाळणी झालाय. शेजारच्या काकू काय म्हणतात? "खाऱ्या वाऱ्यान खाल्लान सगळा." वाऱ्याला कुठे तोंड असतं?