नॉझलपाशी ३१० एमपीए ताण, परवानगी १३८ चीच: व्हेसल नापास का?

तुमचा प्रश्न जळगाव एमआयडीसीतल्या शॉपचा: दाबाची टाकी (व्हेसल), पत्रा एसए-५१६ ग्रेड ७० पोलादाचा, नॉझल म्हणजे तिला जोडलेलं पाइपचं तोंड; आतला व्यास १२०० मिमी, जाडी १० मिमी, दाब २ एमपीए (मेगापास्कल). नुसत्या ३१० वरून निकाल लागत नाही, भाऊ. तो ताण कुठल्या जातीचा, ते आधी बघा.

मोटेचा नाडा कितीही लांबला तरी पाण्याचं वजन तेवढंच राहतं; झेपलं नाही तर नाडा तुटतो. हा प्राथमिक ताण. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली धाव जराशी तोकडी असली, तर गार होताना किंचित ताणून बसते आणि तिथंच थांबते. हा दुय्यम.

शेलमध्ये, म्हणजे टाकीच्या नळकांडी अंगात, दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, म्हणजे १२० एमपीए. हा प्राथमिक मेंब्रेन, म्हणजे जाडीभर सारखा पसरलेला ताण. याला १३८ ची मर्यादा, सूट नाही.

नॉझलपाशी पत्र्याच्या जाडीतून आरपार, काटकोनात रेषा घ्या. ताणाचे सहाही घटक आधी लिनिअराइज करा, म्हणजे रेषेवरची सरासरी (मेंब्रेन) आणि सरळ रेषेत बदलणारा भाग (बेंडिंग) वेगळे काढा; व्हॉन मिझेस, म्हणजे सगळे घटक मिळून एकच आकडा, नंतर. पुष्कळ जण थेट व्हॉन मिझेसचीच सरासरी काढतात, तिथंच गणित फसतं. समजा मेंब्रेन १७५ आला आणि बेंडिंग धरून २६५. एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन २ (दाबाच्या टाक्यांची अमेरिकी नियमावली) प्रमाणे इथला मेंब्रेन 'स्थानिक प्राथमिक', मर्यादा दीडपट म्हणजे २०७. मात्र १.१ पटीच्या, म्हणजे १५२ च्या वरचा पट्टा त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा, इथं साधारण ७८ मिमीपेक्षा, लांब पसरता कामा नये. सांध्यावरचं बेंडिंग दुय्यम. त्यामुळे २६५ ची तुलना १३८ च्या तिपटीशी, ४१४ शी. (यील्डची, म्हणजे पत्रा कायमचा ताणला जाऊ लागतो त्या ताणाची, दुप्पट जास्त भरत असेल तर अटींसह तीही चालते, पण यील्ड कामाच्या तापमानाचं घ्या.) ही मर्यादा ताणाच्या पल्ल्याला, म्हणजे कमाल-किमान फरकाला आहे, चालू-बंद होताना तापमानाचा ताण येत असेल तर तोही यात धरा.

३१० मधून २६५ गेले की उरलेले ४५ म्हणजे पीक (अगदी एका जागचा टोकाचा ताण), फक्त फटीगसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन तडा जाण्याच्या हिशोबासाठी. वेल्डच्या तीक्ष्ण कोपऱ्यावर मेश (संगणकी मॉडेलची जाळी) बारीक केली की हा आकडा वाढतच जातो, त्यामागे धावू नका.

आता सगळंच बेंडिंग दुय्यमात ढकलून मोकळं होऊ नका. सपाट झाकणाच्या मध्यावरचं बेंडिंग प्राथमिकच. तो मध्य आटोक्यात राहण्यासाठी कडेच्या मोमेंटचा (वाकवणाऱ्या जोराचा) आधार धरला असेल, तर कडेचं बेंडिंगही प्राथमिक होतं आणि मर्यादा ४१४ वरून एकदम २०७ वर येते.