12 वर्षांच्या खंडानंतर सोलापुरात पुन्हा नर्सिंग करता येईल का?

ताई, तुमचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) 2009 चं, मुलांसाठी 12 वर्षं घरी, रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली, आणि सोलापूर सोडायचं नाही. वॉर्डात परत नक्की जाता येईल. पण आधी कागद.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. मुदत संपली म्हणून कोर्स पुन्हा करावा लागत नाही. थकीत शुल्क किती आणि सीएनईचे (नर्सच्या निरंतर प्रशिक्षणाचे) तास किती भरायचे, हे परिषदेकडून लेखी घ्या. अर्ज बहुधा नावावर अडकतो: प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि मधे वडिलांचं, आधारवर सासरचं आणि मधे नवऱ्याचं. महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला आधीच काढून ठेवा. मागितलं तर नावबदलाचं राजपत्रही लागेल. नूतनीकरण होईपर्यंत 'तोवर या कामाला' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. काही चुकलं तर निस्तरावं तुम्हालाच लागेल.

सिव्हिलसारखी सरकारी नोकरी हवी असेल तर वय पाहा. सरळसेवेत कमाल मर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43.

आता हाताचा सराव. कॅन्युला (शिरेतली सलाईनची नळी) लावणं आठवडाभरात परत जमतं. खरा धोका हिशोबाचा आहे. इन्सुलिनच घ्या. लाल टोपणाची सिरिंज मिलीला 40 युनिटच्या वायलसाठी (औषधाच्या बाटलीसाठी), केशरी टोपणाची मिलीला 100 युनिटच्या. 100 ची वायल घेऊन लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलंत तर अर्धा मिली येतं, म्हणजे 50 युनिट. ऑर्डर 20 ची, गेलं अडीचपट; पेशंटची शुगर एकदम खाली. म्हणून वायल आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हीवरचे आकडे वाचायचे, प्रत्येक वेळी. सलाईनचंही तसंच: 500 मिली 8 तासांत द्यायचं असेल तर मिलीला 20 थेंबांच्या सेटवर मिनिटाला 21 थेंब, मिलीला 60 थेंबांच्या मायक्रो सेटवर 62-63. सेटचं पाकीट वाचल्याशिवाय थेंब मोजू नका.

सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देण्याचा) बीएलएस कोर्स करून घ्या. प्रमाणपत्र 2 वर्षं चालतं. आता आधी छाती दाबायची, मग श्वास: 30 वेळा दाबलं की 2 श्वास, वेग मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंमी. कचऱ्याचे नियमही 2016 मध्ये बदलले. सुया पांढऱ्या डब्यात, काचेचे अँप्युल निळ्यात, सेट आणि कॅथेटर लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात.

सुरुवात आयसीयूत नको. मेडिसिनचा जनरल वॉर्ड घ्या; तिथे औषधं, सलाईन, चार्टिंग सगळं रोज हाताखालून जातं. मेट्रनना खंड स्पष्ट सांगा आणि पहिले दोन आठवडे जुन्या सिस्टरबरोबर सकाळची ड्यूटी मागा, नाइट त्यानंतर. तेलुगू किंवा कन्नड बोलता येत असेल तर अर्जात वरच लिहा. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आजी आणि अक्कलकोटकडचे कन्नड आजोबा कुठे दुखतंय ते त्यांच्या भाषेतच नीट सांगतात.