सोलापुरी चादरीच्या पॅकिंगसाठी ‘विघटनशील’ (कंपोस्टेबल) पिशवी घ्यावी की रिसायकल होणारी?

माझं मत, रिसायकल होणारी. कंपोस्टेबल पिशवी उकिरड्यावर आपोआप विरघळत नाही. तिला कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. वर ती भंगारात मिसळली तर बाकीचा मालही बिघडवते.

खरी अडचण चेनवाल्या जाड पारदर्शक बॅगेची आहे. ती बहुतेक वेळा पीव्हीसी या जड प्लास्टिकची असते. कडेला पायपिंग, त्यात चेन. भंगारवाला एवढं उसवत बसणार का? शंका असेल तर तुकडा पाण्यात टाकून बुडवा. एलडीपीई, पीपी ही पिशव्यांची हलकी प्लास्टिकं वर येतात, पीव्हीसी तळाला जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल पाठवत असाल तर साधी एलडीपीई पिशवी घ्या, चमकी लॅमिनेशन नको, स्टिकरऐवजी आत कागदी लेबल टाका.

‘रिसायकल माल हलक्या दर्जाचा’ ही तक्रार थोडी खरी आहे, रंग मळका येतो. पण नियम त्याच दिशेने चाललेत: ईपीआरखाली (पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा नियम) पिशवीसारख्या लवचिक पॅकिंगमध्ये 2025-26 पासून 10 टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक अपेक्षित आहे, 2027-28 पासून 20. दुकानातली प्लास्टिक कॅरीबॅग मात्र वेगळी, केंद्राच्या नियमात तिला किमान 120 मायक्रॉन जाडीची अट आहे, आणि महाराष्ट्रात तर तिच्यावर बंदीच आहे.